मास्टरमोशायांचा पडदा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रभू येशूला वाढवणाऱ्या योसेफाच्या टाचांना भेगा होत्या. बायबलात पुरावा शोधू नये. तो बेहालातल्या एका लहानशा चर्चमध्ये, नाताळच्या पडद्यावर होता. पडदा रंगवला होता आमच्या खालच्या मजल्यावरच्या मास्टरमोशायांनी.

मास्टरमोशाय म्हणजे बंगालीत मास्तर. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली आणि दर नाताळला चर्चसाठी गव्हाणीचा नवा पडदा रंगवला. मी बँकेच्या बदलीवर नाशिकहून इथे आलेला. मला ते मॅनेजरबाबू म्हणत आणि माझ्या बायकोला बौमा, म्हणजे सूनबाई. त्या टाचा पाहून चर्चचे सेक्रेटरी बिस्वासबाबू रागावले होते. संताचे पाय असे दाखवतात का? मास्टरमोशाय म्हणाले, "नाझरेथहून बेथलेहेमला मेट्रो नव्हती. आपल्या बेहालालाच आत्ता आत्ता आली."

देव माणूस झाला, यावर त्यांचा अगदी शब्दशः विश्वास. देह घेतला म्हणजे भूक, ठसका, घामोळंसुद्धा घेतलं, असं ते चहा फुंकत समजावत. त्यामुळे पवित्र मंडळी शोधायला ते थेट मासळीबाजारात जात. टाचा तिथल्याच एका कोळ्याच्या. देवदूताला झुपकेदार मिशा होत्या, कारण आमच्या इस्त्रीवाल्याला त्या होत्या.

एकदा आमच्याकडे पोळ्या चालल्या असताना ते स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसले आणि बायकोचे हात काढत राहिले. पोळी त्यांनी चित्र पुरं झाल्यावरच खाल्ली, तीही गार. त्या नाताळात मरियेच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या! बिस्वासबाबूंनी कपाळाला हात लावला. मास्टरमोशायांनी विचारलं, "अंधारात आई आली, हे बाळाला कळणार कसं?" बायको आठवडाभर घरात बांगड्या वाजवत फिरत होती.

मास्टरमोशाय यंदाच्या उन्हाळ्यात गेले. त्याआधीच्या नाताळापर्यंत त्यांचा हात इतका थरथरू लागला होता की कपातला चहा बशीत यायचा. बिस्वासबाबूंनी प्रेमानेच सुचवलं, यंदा छापील फ्लेक्स लावू. मास्टरमोशायांनी अट घातली: मी रंगवतो, नाताळच्या सकाळी पाहा, बरा नसेल तर वर तुमचा फ्लेक्स टांगा. मला जिन्यात गाठून मात्र म्हणाले, "मॅनेजरबाबू, पडदा उतरला तर चर्चमध्ये मी नुसता एक म्हातारा उरेन." मी त्यांचं कोपर धरायची तयारी दाखवली. नको म्हणाले, रेघ बँकेची होईल.

सकाळी, उपासनेआधी, पडदा उलगडला. एक रेघ सरळ नव्हती. योसेफ थरथरत होता, गवत थरथरत होतं, आणि मरियेची शाल, तिचे खांदे, बाळाला छातीशी धरलेले हात, सगळंच कापत होतं. मास्टरमोशाय खाली बघत पहिल्या बाकावर बसले होते. बिस्वासबाबू काखेत फ्लेक्सची गुंडाळी घेऊन पडद्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग मागे वळून, आपण चर्चमध्ये आहोत हे विसरून, दाराशी उभ्या असलेल्यांवर खेकसले,

"अरे, ते दार लावा आधी. पोरगी गारठलीय."