दगडी धर्मशाळेचं कोटेशन

जुन्या दगडी इमारती बाहेरून धुऊन देण्याचा आमचा धंदा. धुताना फारसं काही घडत नाही. भाव ठरवताना मात्र इतकं घडतं की टपरीवरचे मित्र चहा सांगायच्या आधी विचारतात, "आज कुणी चोर ठरवलं?" सेलूच्या एका निजामकाळातल्या धर्मशाळेनं तर एकटीनं पोतंभर किस्से दिले.

ते काम मला हवंच होतं. माझे मिस्त्री नामदेवतात्या, राणीसावरगावचे, सत्तरीला आलेले. "हे मिळालं तर करतो, न्हाई तर ब्रश ठेवून गावी शेळ्या राखतो," असं त्यांनी सांगून टाकलं होतं. तात्यांशिवाय मला दगडातलं काही कळत नाही, त्यामुळं माझी झोप उडाली होती.

०

पहिल्या दिवशी माप. ट्रस्टचे अध्यक्ष कुलकर्णी सर, रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी माझा टेप उलटासुलटा करून पाहिला आणि घरून स्वतःचा मागवला. दोन्ही टेपनं भिंत सारखीच भरली. मला वाटलं, सुटलो.

सर सेक्रेटरीला म्हणाले, "दोन्ही एकाच दुकानातले दिसायलेत."

०

दर फुटावर ठरला. सेक्रेटरी रोडगेमामा म्हणाले, "खिडक्यांचे फूट वजा करा. तिथं दगड हाय का?" केले वजा.

तात्या म्हणाले, "पण चौकटींना नक्षी हाय. तिला तिप्पट वेळ लागतो."

मामांनी जरा विचार केला. "मग खिडक्या राहू द्या, नक्षी वजा करा."

०

भाव देण्याआधी आम्ही भिंतीचा हातभर तुकडा नमुना म्हणून धुऊन दाखवतो. तात्यांनी दिवसभर घासून गेटजवळचा धुतला. आतला काळा दगड असा निघाला की मीच बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. "तुमी आमची इमारत घाण केली."

धावत गेलो. सर तुकड्यापुढं उभे होते. "कालपर्यंत सगळी भिंत एकसारखी होती. आता एवढं सोडून सगळी मळकी दिसायली. धुऊन घेतल्याबगर आमची सुटका न्हाई, हे तुमाला आधीच ठाऊक होतं."

खरं सांगायचं तर होतं.

०

कोटेशनमध्ये मी लिहिलं होतं, 'पानाचे डाग, वेगळा दर'. रोडगेमामा भडकले. "इथं आमचं कुणी थुंकत न्हाई. बाहेरचे येतात."

तात्या डागांजवळ उकिडवे बसले. बराच वेळ बघून म्हणाले, "डाग गुडघ्याएवढ्या उंचीवर हायत. हा उभा माणूस न्हाई. बाकावर बसून थुंकणारा हाय."

भिंतीलगत एकच बाक, त्यावर रोज संध्याकाळी फक्त ट्रस्टी बसतात. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. वेगळा दर मंजूर झाला.

०

शेवटच्या मीटिंगला परभणीहून दुसरा ठेकेदार आला. त्याचा भाव आमच्या निम्मा. त्यानं सोबत आणलेल्या कॅनचा मला पहिल्यापासून संशय होता, पण बोललो असतो तर जळफळाट दिसला असता.

सर म्हणाले, "दोघंबी करून दाखवा."

ठेकेदारानं हातमोजे घातले, कॅनमधलं बादलीत ओतलं आणि अर्धी बादली भिंतीवर मारली. दगडांच्या सांध्यातून फेस आला. "ॲसिड हाय, सांध्यातला चुना खायलाय," तात्या माझ्या कानाशी पुटपुटले. पाच मिनिटांत दगड चकाकला. ट्रस्टींनी टाळ्या वाजवल्या.

तात्या साधं पाणी आणि ब्रश घेऊन अर्धा तास घासत होते. त्यांचा तुकडा तरी राखाडीच. तात्या ब्रश पुसून पिशवीत ठेवायला लागले.

सर उठले. दोन्ही बादल्यांपाशी गेले. चष्मा वर केला, वास घेतला.

"दोघांनी आपापल्या बादलीतल्या पाण्यानं चूळ भरा."

तात्यांनी ओंजळ भरून घेतली, खुळखुळ केली आणि बाजूला टाकली.

ठेकेदारानं आपली बादली पायानं जरा मागं सरकवली. मग म्हणाला, "सर, मी सकाळीच भरलीय."