आठव्या महिन्यातला चष्मा

सातव्या महिन्यात माझं डोकं दुखायला लागलं ते थांबेचना. सासूबाई सुंठ उगाळून कपाळाला लेप घालत आणि वर फडकं करकचून बांधत. लेप वाळला की कातडी ओढली जायची. आतलं दुखणं तसंच राहायचं.

कर्जतजवळच्या त्या शेतकरी घरात मी नगरहून लग्न करून आले होते. इंग्रजी शाळेत शिकलेली, फारसं न बोलणारी. दुपारी पुस्तक घेऊन बसायचे, तेवढंच सगळ्यांच्या डोळ्यांवर यायचं.

"बारीक अक्षर वाचून डोसकं शिणलंय हिचं," सासूबाई म्हणाल्या.

"नातू बी इंग्रजीच बोलंल बगा. तुमाला काय बी कळायचं न्हाई, आत्याबाई," शेजारीण म्हणाली. दोघी हसल्या. मीही हसले. पुस्तकं माळ्यावर गेली.

मग पाय सुजले, बांगड्या मनगटात रुतू लागल्या. "अंग भरलंय," म्हणून कौतुकच झालं. पुस्तक हातात नसतानाही डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, तेव्हा मी धीर करून नवऱ्याला सांगितलं. त्यांनी घरात सांगितलं आणि सगळ्यांची खात्रीच पटली, की डोळे बिघडलेत.

म्हणून आठव्या महिन्यात एसटीने मला नगरला नेलं ते चष्म्याच्या दुकानात. माझ्या चपला पायात जाईनात, नवऱ्याच्या घातल्या. भिंतीवरची मोठी अक्षरंसुद्धा हलत होती. दुकानदाराने काचा बदलून बदलून शेवटी एक नंबर दिला.

"आता सुटशील बघ यातनं," नवरा म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता.

चष्मा लावूनही दुखतच राहिलं. "सवय व्हायला येळ लागतो," सासूबाई म्हणाल्या. एका सकाळी चुलीपुढे मला झटके आले.

नगरच्या दवाखान्यात शुद्धीवर आले, तेव्हा पोट रिकामं होतं. मुलगी होती, म्हणाले. मी शुद्धीवर यायच्या आतच घरचे तिला पुरून आले होते.

नर्सने दंडाला पट्टी गुंडाळून रक्तदाब मोजला. "इतकं प्रेशर वाढलेलं, आधी कुणी मोजलं नव्हतं?"

"चष्मा केला की, बाई," सासूबाई भिंतीपाशी उभ्या राहून म्हणाल्या.

नर्स गेल्यावर त्या जवळ आल्या. कपाळावर हात ठेवला. "दुखायचं थांबलं का गं?"

थांबलं होतं. अगदी साफ. पण हो म्हणवेना. मी मान हलवून नाही म्हटलं.