पहिल्या खांबाचा नारळ

सत्कार ठरला अभिमनचा, आणि पोटात दुखलं तोतारामच्या. तारखात्यातून निवृत्त झालेला हा लाइनमन पिंप्राळ्यात राहतो. सून ज्योतीनं मोबाइलवरची बातमी वाचून दाखवली, "युद्धकाळात रुळालगत तार उभारणारे अभिमनभाऊ यांचा धुळ्यात सत्कार," तसा म्हाताऱ्यानं चहाचा कप खाली आपटला.

"तार उभारणारे? अरे वा रे वा! खांबावर कोण चढलं होतं मग? याचा बाप?"

"आबा, हळू. शेजारी ऐकतील."

"ऐकू दे!"

गोष्ट एकाहत्तर सालची. लढाई पेटली होती आणि धुळ्याकडच्या रुळालगत तातडीनं नवी तार टाकायचा हुकूम आला. तारखातं म्हणालं, तार आमची, खांब आम्ही रोवू. रेल्वे म्हणाली, जमीन आमची, विचारल्याशिवाय कुदळ लावायची नाही. साहेब लोक कागदी घोडे नाचवत बसले. इकडे तोतारामची टोळी खड्डे खणायची आणि अभिमनची रेल्वेवाली टोळी मागून येऊन बुजवायची. तिकडे सीमेवर पोरं मरतायत आणि इथे हे बहाद्दर खड्ड्यांवरून हातघाईवर!

वरून दम आला तेव्हा कुठे समेट झाला. पण नारळाशिवाय पहिला खांब रोवायचा नाही, ही दोन्ही टोळ्यांची रीत. मग तो फोडायचा कोणी? पुन्हा तेच. "जमीन आमची," म्हणत अभिमननं नारळ हिसकावला आणि रुळावर फाडकन फोडला. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे थंडीवाऱ्यात खांबामागून खांब चढून तार ताणली ती तोतारामनं. तळहात सोलवटले बिचाऱ्याचे. पण लोकांच्या ध्यानात राहिला नारळवाला. त्या तारेला नावच पडलं अभिमनची तार! नवीनच लग्न होऊन आलेली कमलबाई, तोतारामची स्वतःची बायको, तीही तसंच म्हणायची. ते त्याला फार झोंबलं. पुढे तार गेली, खांब भंगारात गेले, याचं जळणं मात्र तसंच राहिलं.

"मी धुळ्याला जाणार," त्यानं जाहीर केलं. "भर सभेत त्याचं सोंग उघडं पाडतो की नाही बघ."

"आते या वयमा कसाले भांडतस?" कमलबाई म्हणाली. ऐकतो कोण!

सभागृहात तो मुद्दाम पहिल्या रांगेत बसला. काय बोलायचं ते बसमध्ये घोकून झालं होतं. अभिमनच्या अंगावर शाल पडली, हातात श्रीफळ आलं. तोताराम उठणार, इतक्यात अभिमननंच माइक धरला.

"तार मी नही वढी, भाऊ. ती तोतारामनी वढी. आम्ही ते त्यासना खड्डा बुजाडेत. मी फक्त नारळ फोडा, तोबी हिसकाडीसन."

सभा हसली. अभिमन काठी टेकत खाली उतरला, शाल तोतारामच्या खांद्यावर टाकली आणि नारळ त्याच्या हातात दिला. "हाऊ तुना शे. कव्हयना मनमा खुपत व्हता."

टाळ्याच टाळ्या. ज्या टाळ्यांसाठी जन्मभर जीव तळमळला, त्या पदरात पडल्या, पण दिल्या कोणी? त्यानंच! घोकलेलं सगळं भाषण गिळून तोतारामनं नारळ काखेत मारला आणि बसस्टँड गाठला. परतीच्या बसमध्ये नारळ मांडीवर घेऊन तो स्वतःशीच पुटपुटत होता, "मोठेपणाही यालाच मिरवायचाय. माझ्या वाटेचं भांडणसुद्धा ठेवलं नाही मेल्यानं."

घरी कमलबाईनं शाल पाहिली, नारळ पाहिला, सगळं ऐकून घेतलं. डोळे पुसत म्हणाली, "अभिमनभाऊनं मन कितलं मोठं शे, नही?"

झालं! तोताराम ताडकन उठला, अंगणात गेला आणि नारळ पायरीवर असा आपटला की एका घावात दोन भकलं. रागारागानं एक तुकडा काढून त्यानं तोंडात टाकला.

मेलं खोबरंही गोड निघालं.