दंडापुरता माणूस

साखरखेर्ड्यात दरवर्षी देवी टोचायला एकच माणूस यायचा. कानामागे विडी खोचून पारावर बसायचा. पोराचा दंड धरायचा, टोचायचा, पुढचं पोर मागायचा. आठवड्यानं येऊन फोड उठला का, तेवढं बघायचा.

माझ्या बहिणीनं तिचा वर्षाचा मुलगा पुढे केला. पोराचे पाय काठीसारखे ताठ, मूठ आवळलेली. त्यानं ती आखडलेली मूठ जोर लावून बाजूला सारली नि टोचलं.

बहीण भीतभीत म्हणाली, "डाक्टरसाहेब, हा अजून बसत नाही. काऊन असन?"

त्यानं मानही वर केली नाही. "बाई, मले नागपूरच्या सरकारनं दंड पाह्यले धाडलं, पोर पाह्यले नाही."

फोड झकास उठला. भाच्याला आता मिसरूड फुटलंय, तरी धरून बसवावं लागतं. देवी मात्र त्याला कधी आल्या नाहीत.