शेठाणीने सोललेलं अंडं

त्या दुपारी केदारखेड्यात आमच्या चुलीपुढे जे घडलं, ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. निजामाचं राज्य होतं, मी नऊ-दहा वर्षांची असेन... ज्यांच्यासाठी गप्प राहायचं होतं ती माणसं आता राहिली नाहीत, म्हणून आज नातीकडून हे टाइप करून घेते आहे.

आमचं घर शेतकऱ्याचं. परसात आईच्या पाच-सहा कोंबड्या असायच्या. समोर मारवाडी शेठचं किराणा दुकान आणि मागे त्यांचं घर. त्यांच्याकडे कांदा-लसूणसुद्धा शिजत नसे.

शेठाणी तर फारच कडक. आमची कोंबडी चुकून त्यांच्या ओट्यावर चढली, तर ती अख्खा ओटा धुऊन काढायची. पण आईला कधी वाकडा शब्द बोलली नाही, हेही खरं...

तिला एकच सून, गुलाब. सोळा-सतरा वर्षांची असेल. त्या उन्हाळ्यात गुलाबला मुलगी झाली आणि नंतर तिचा ताप काही उतरेना. पोटात दूध ठरेना, तूप ठरेना, अंगावरचं दूध आटलं... बाळाचं रडणं आमच्या घरात ऐकू यायचं.

शेवटी जालन्याहून डॉक्टर आणला. तो म्हणाला, हिला रोज अंडं द्या, नाहीतर मला काही सांगता येत नाही. शेठ ऐकून दुकानात जाऊन बसले. डॉक्टरला परत कुणी बोलावलं नाही... विषय संपला असंच गावाला वाटलं.

मग ती दुपार आली. मी परसात कोंबड्यांना कण्या टाकत होते आणि मागचं दार वाजलं. उघडलं तर समोर शेठाणी... आणि तिच्या खांद्याला टेकून कशीबशी उभी असलेली गुलाब.

जी बाई आमच्याकडे पाणीसुद्धा प्यायची नाही, ती सुनेला घेऊन थेट आमच्या चुलीपुढे येऊन बसली. शेठ मुलाला घेऊन माल आणायला जालन्याला गेलेत, एक अंडं उकडून दे, असं तिने आईला सांगितलं. खालमानेनेच सांगितलं.

आईने लगेच चूल फुंकली. मला दाराला कडी लावायला सांगितलं आणि कोंबडीने सकाळीच घातलेलं अंडं पाण्यात टाकून चुलीवर ठेवलं.

उकडलेलं अंडं गार पाण्यात घालून आईने मला सोलायला सांगितलं. मी हात पुढे केला, तर शेठाणीने माझं मनगट धरलं.

"तू न्हाई, पोरी. खा म्हणून मी सांगून राह्यले, मंग हात बी माझाच लागू दे."

तिने जन्मात अंड्याला हात लावला नव्हता. त्यात ताजं अंडं सोलायला फार छळतं... टरफल आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून बसतं, ओढलं की पांढऱ्याचा लचका त्याच्याबरोबर निघून येतो. वासाने तिने तोंड फिरवलं आणि पुन्हा सोलायला लागली.

आई हळूच म्हणाली, पाण्यात धरून सोला, जरा सोपं जातं. तिने तसं केलं. शेवटी तिच्या तळहातावर खड्डे पडलेलं, अर्धंमुर्धं अंडं उरलं.

ते तिने गुलाबपुढे धरलं. गुलाबने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्या दोघी मारवाडीत बोलत होत्या, पण शेजारामुळे आम्हाला ती भाषा कळायची. शेठाणीने बाळाचं नाव घेतलं, आईबापाचं घेतलं, पुष्कळ समजावलं...

गुलाब एवढंच म्हणाली, "माँजी, मी मेले तरी चालेल. हे पाप मला लावू नका."

आणि शेठाणीने त्या अंड्याचा तुकडा तोडला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

आता काहीतरी भयंकर होणार, छप्पर पडणार, असं मला खरंच वाटलं. मी वर आढ्याकडे पाहिलंसुद्धा. शेठाणी डोळे मिटून चावत होती आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. तिने तो घास गिळला.

"झालं. पाप मला लागलं. तू आता दवा समजून खा, बेटा."

गुलाबने तोंडावरचे हात खाली घेतले... मग तिने तोंड उघडलं. शेठाणीने तिला ते अंडं चिमटी-चिमटीने भरवलं, लहान लेकराला भरवतात तसं.

त्यानंतर गुलाब दुपारची आमच्याकडे येऊ लागली. शिवण शिकायला जाते, असं घरी सांगायची. पावसाळा सरता सरता तिच्या गालांवर रंग आला. तिची मुलगी पुढे आमच्याच अंगणात रांगली. शेठना कधी कळलं की नाही, मला माहीत नाही... कळलं असेल तर त्यांनीही तोंड मिटून घेतलं असेल.

शेठाणीने मात्र त्या दिवसापासून गोड सोडलं, ते मरेपर्यंत. लग्नकार्यात कुणी आग्रह केला तर म्हणायची, दात दुखतात. त्यामागचं खरं कारण आम्हा चौघींनाच ठाऊक होतं.

धर्म कडक पाळणारी माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली. दुसऱ्याचं पाप स्वतःच्या जिभेवर घेणारी तिच्याशिवाय कुणी पाहिली नाही... तेव्हा मी नुसती हादरले होते. तिला नमस्कार करायचं मला सुचलं नव्हतं, तो आज करते.