पडद्यावर पोशेरा

मोखाड्याच्या स्टँडवर बाबा मला सोडायला आले तेव्हा माझ्या पायात चुलतबहिणीच्या चपला होत्या, दोन बोटं मोठ्या. पोशेऱ्यापासून आम्ही चालत आलो. वाटभर त्या चपला मी हातात धरल्या आणि स्टँड दिसल्यावर पायात घातल्या. नाशिकला कॉलेजात निघालेली गावातली पहिली पोर अनवाणी दिसायला नको ना! गाडीत चढताना एक चप्पल खालीच राहिली. बाबांनी ती खिडकीतून वर दिली आणि म्हणाले, "जाशील तठं इचार. इचारल्याबिगर वाट गावत नाय." मी काय केलं? मान फिरवली. पलीकडच्या बाकावर एक पँटवाला बसला होता, आणि 'तठं' त्याच्या कानावर पडलं म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईने फडक्यात नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून दिली होती. हॉस्टेलात त्याचा वास सुटेल म्हणून त्र्यंबकला गाडी थांबल्यावर मी ती एका कुत्र्याला घातली. कुत्रं माझ्यापेक्षा शहाणं. त्याने फडकंसुद्धा चाटून ठेवलं.

पोशेऱ्यात राहिलेल्या बायांनो, आणि माझ्यासारख्या नाशिक-ठाण्याला येऊन बसलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. मी गावात लग्नाला आले की तुम्ही मला 'नाशिकची बाय' म्हणून पुढे बसवता, शहाणी समजता. ही बाय किती शहाणी होती ते एकदा ऐकून घ्या.

कॉलेजातल्या पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, "तू कुठली गं?"

मी छाती काढून म्हणाले, "नाशिकची."

"नाशिकात कुठे?"

मला नाशिकातली एकच जागा माहीत होती. म्हणाले, "स्टँडवर."

वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले डोकावून गेले. त्या दिवशी मी तोंडाला जे कुलूप लावलं ते वर्षभर काढलं नाही. कळलं नाही तरी विचारायचं नाही. तोंड उघडलं तर पोशेरा बाहेर पडेल! लायब्ररी कुठे आहे हे मला दिवाळीपर्यंत सापडलं नव्हतं, आणि सापडली तीसुद्धा अवकाळी पावसापासून आडोसा शोधताना. वर्षाअखेरीला नापास झाले. घरी जाऊन सांगितलं, पेपर फार कठीण होते. बाबांनी एवढंच म्हटलं, "इचारलास का कोनाला?" त्याच उन्हाळ्यात नाशिकात कारकून असलेल्या मुलाशी लग्न झालं. अशा रीतीने मी खरोखरच नाशिकची झाले. खोटं बोललेलं असं खरं करून दाखवायला पण अक्कल लागते.

आता अडुसष्टाव्या वर्षी मी पुन्हा बी.ए.ला नाव घातलं आहे. दर रविवारी वर्ग असतो. सून म्हणाली, "छान, आई. वेळ बरा जाईल." मी म्हटलं, वेळ घालवायचा असता तर भिशी लावली असती. मला पास व्हायचंय.

आमच्या वर्गात चाळीसेक जण आहेत. दवाखान्यातल्या सिस्टर, दुकानांत काम करणाऱ्या मुली, एक हवालदार. सर माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचे. त्यांची शिकवायची तऱ्हा वेगळी. "मोबाइल बाकाखाली नाही, बाकावर ठेवा," म्हणतात. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सर शिकवत असतात तेव्हाच ज्याला शंका येईल त्याने ती ग्रुपवर लिहायची. लिहिलेलं लगेच सरांच्या पाठीमागच्या मोठ्या पडद्यावर, नावासकट उमटतं. सर मान वळवतात, वाचतात, उत्तर देतात. ज्याची जीभ वळत नाही त्याचं बोट तरी चालावं, असं त्यांचं म्हणणं. पण अट कडक. अख्ख्या सत्रात एकदाही विषयाला धरून काही लिहिलं नाही तर हजेरी नाही, आणि हजेरी नाही तर परीक्षाही नाही.

मुलाने माझं नाव टाकून दिलं होतं, 'मिसेस जे. जाधव, नाशिक'. पहिले कितीतरी रविवार या मिसेस जाधवांनी नुसता अंगठा पाठवला. शिकायला म्हणून आले आणि अंगठाबहाद्दर झाले! शेवटी सर म्हणाले, "आजी, अंगठा नको. शब्द हवेत."

मग एका रविवारी मी हिय्या केला. पण तुम्हाला ठाऊक आहे, आपल्या पाड्यावर कुणाच्या दारात जाऊन एकदम कामाचं बोलत नाहीत. आधी बरं आहे का, पाणी भरलं का, गुरं चरायला गेली का, म्हातारीचा खोकला थांबला का. सगळं विचारून झालं की मग, निघता निघता, कामाचं. मी तेच केलं. हवालदारदादांना विचारलं, जेवून आलात का. सिस्टरला, पायाची सूज उतरली का. एकेकाचं नाव घेऊन सगळ्यांना राम राम. पडदा माझ्याच निरोपांनी भरला आणि कुणाची तरी खरी शंका वर सरकून दिसेनाशी झाली.

"आजी, तुमचा प्रश्न कुठे आहे?" सरांनी विचारलं.

मी उभी राहून म्हटलं, "सर, अजून ओट्यावरच आहे. घरात शिरले की विचारते."

वर्ग हसला. पन्नास वर्षांपूर्वीचाच आवाज तो, पण या वेळी दचकले नाही. हजेरी मात्र मिळाली नाही. राम राम म्हणजे प्रश्न नव्हे, असं सरांनी हसतच, पण बजावून सांगितलं.

असा सत्राचा शेवटचा रविवार उजाडला. घरून निघतानाच ठरवलं होतं, आज लिहायचं. कुणालाही न दुखवणारी एक शंका पाठ करून गेले होते. आणि सरांनी पडद्यावर फोटो लावला. डोंगराचा उतार, काळा पडलेला भाताच्या रोपांचा वाफा, वर धूर. तुम्ही ओळखलंतच. राब. सर म्हणाले, "डोंगरी भागातले शेतकरी शेण-पाला पसरून जमीन भाजतात. अज्ञानापोटी चाललेली ही जुनी पद्धत." फोटोखाली तसंच लिहिलेलं होतं. लगेच ग्रुपवर उमटलं, 'किती अडाणी लोक.' खाली तिघाचौघांचे अंगठे.

मी पण एक अंगठा टाकला असता तर कुणाला काय कळणार होतं? मिसेस जाधव तर नाशिकच्या! सतरा वर्षांची ती चपलावाली माझ्या कानात म्हणतच होती, गप बस, पोशेरा बाहेर पडेल. मी तिला म्हटलं, तू आधी लायब्ररी शोध जा.

आणि लिहिलं, 'सर, हे बरोबर नाही. राब भाजला की तण मरतं, रोप जोमाचं येतं आणि लावणीला सहज उपटून येतं. या डोक्यावरून मी शेण-पाल्याच्या पाट्या वाहिल्या आहेत.'

लगेच पडद्यावर एका मुलीने विचारलं, 'पण त्यासाठी झाडं तोडता ना?' दुसरीने, 'तण हाताने का नाही काढत?' आणि हवालदाराने, 'आजी, तुम्ही तर नाशिकच्या ना?'

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. पहिल्या दोन्हींचं नीट येईना. मी पाट्या वाहिल्या, पण ते का करायचं, किती करायचं हे ठरवणारी नव्हते; तोवर गाव सोडलं होतं. तेव्हा बाबांचं ऐकलं. पोशेऱ्यात राहून आजही शेती करणारी माझी धाकटी बहीण कमळ, तिला दोन्ही प्रश्न बोलून पाठवले. तिच्याकडे रेंज फक्त उंबराखाली. नशीब, ती तिथेच सूप घेऊन बसली होती. पाच मिनिटांत तिचा आवाज आला. मी तो न ऐकताच ग्रुपवर ढकलला, सरांनी लॅपटॉपवर दाबला आणि वर्गाच्या स्पीकरमधून कमळ बोलू लागली, मागे कोंबड्यांसकट.

"कोन इचारतंय? झाड नाय तोडत, फांद्या छाटतो. बुंधा तोडला तं पुढल्या साली काय जाळू, मास्तरची शेंडी? आन तण हातानं काढाया सांगतो, तं त्याला म्हन, ये पावसात, दीसभर वाकून दाखव. भाकर मी घालीन. आन बाय, तू अजून शिकतंस? आता तरी नापास नको होऊस!"

जी बोली मी एका पँटवाल्याच्या कानापासून लपवत होते, ती चारी भिंतींवर आदळत होती. हसून हसून सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी फोटोखालचा 'अज्ञान' हा शब्द तिथल्या तिथे पुसला. रान विरळ होत चाललंय हा मुद्दा मात्र त्यांनी सोडला नाही, आणि खरं सांगू का, तो काही खोटा नाही. त्यावर पुढच्या सत्रात भांडायचं आहे. हजेरी लागली.

हवालदाराचा प्रश्न मात्र पडद्यावर तसाच होता. मी सेटिंगमध्ये गेले, कुणालाही न विचारता. मिसेस जाधवांना एकेक अक्षर करून पुसलं आणि टाकलं, 'जानकी, पोशेरा'. मग त्या नावाने उत्तर दिलं, 'नाही दादा. पोशेऱ्याची, तालुका मोखाडा. नाशिकात राहते.'

'नाशिकात कुठे?' त्याने लगेच विचारलं.

मी लिहिलं, 'स्टँडवर.'

कुणाला काही कळलं नाही. मी एकटीच पोट धरून हसत बसले.

इतकी वर्षं घर म्हणजे मला फडक्यात बांधलेल्या भाकरीसारखं वाटायचं, वास सुटायच्या आत टाकून द्यायचं. आता वाटतं, जिथे प्रश्न पडतो ते माझं घर आणि जिथून उत्तर येतं तेही माझंच. मधला घाट तेवढा बाबांनी सांगितल्यासारखा, विचारत विचारत ओलांडायचा.

पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. कमळ, उंबराखालून हलू नकोस. मला अजून पुष्कळ विचारायचंय.