बायकोचा आर्किटेक्ट

जगात नवऱ्यांना जळवणारी माणसं पुष्कळ असतील, पण तोंडाने सतत 'साहेब, साहेब' करत, आवाज जराही न चढवता, नवऱ्याला त्याच्याच घरात पाहुणा करून सोडणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच आहे. तो आमचा आर्किटेक्ट. 'आमचा' हे मी सवयीने म्हणतो. फी मी दिली, सह्या मी केल्या, पण माणूस पहिल्या दिवसापासून आमच्या बायकोचा. बीडच्या कोर्टात मी आयुष्यभर वकिली केली, भल्याभल्या साक्षीदारांना पिंजऱ्यात घाम फोडला. या माणसाच्या तोंडून मात्र मला एक वाक्य काढता आलं नाही, आणि ते वाक्य माझ्याच बायकोचं होतं.

त्याच्या वडिलांचं एसटी स्टँडजवळ फळांचं दुकान आहे. वरच्या खोलीत याचं ऑफिस. त्यामुळे त्याच्या नकाशांना ऋतूप्रमाणे वास येतो. आमच्या घराचा पहिला नकाशा उलगडला तेव्हा खोलीभर सीताफळ दरवळलं. औरंगाबादेत शिकला, पण पुण्या-मुंबईला न जाता गावात परत आला. लोक त्याला इंजिनिअर म्हणतात, कुणी कंत्राटदार म्हणतात. एका म्हातारबांनी तर त्याला मोजणीवाला समजून बांधाचं सगळं भांडण सांगितलं, आणि याने ते मान हलवत शेवटपर्यंत ऐकून घेतलं. जुन्या स्कूटरवरून फिरतो. पाठीला नळाच्या जाड पाइपाचा तुकडा बांधलेला असतो आणि त्यात नकाशांच्या गुंडाळ्या असतात. नाक्यावर एकदा पोलिसाने अडवून विचारलं, ''ह्यात काय हाय बे?'' तर हा म्हणाला, ''घर हाय साहेब. अजून बांधायचंय.'' पोलिसाने पाइप उघडायला लावला आणि मग स्वतःच्या घराचा जिना कुठे चुकलाय हे विचारत त्याला दुपारभर सोडलं नाही. हे मला त्या पोलिसानेच कोर्टाच्या आवारात सांगितलं. वर म्हणाला, ''लई गुणाचा माणूस हाय वकीलसाहेब.'' जो भेटेल तो मला हेच सांगतो, आणि मला ते ऐकवत नाही.

आम्ही वर्षानुवर्षं भाड्याच्या जागेत राहिलो आणि मुलगी नोकरीला पुण्याला गेल्यावर गावाबाहेर प्लॉट घेतला. मी पहिल्या भेटीतच मोबाइलमधला एका पुढाऱ्याच्या बंगल्याचा फोटो त्याच्यापुढे धरला. गोल खांब, खांबांवर सिंह, वर काचेचा घुमट. त्याने फोटो भक्तिभावाने पाहिला आणि म्हणाला, ''साहेब, हे लोकांना दिसंल. तुमी आत राहणार. आत काय पायजे ते सांगा.'' मग मी सांगितलं. गाडीला जागा, बोअरची जागा, पक्षकारांसाठी वेगळं दार, तीन बेडरूम, भिंतभर कपाट कायद्याच्या पुस्तकांना. मी बोलत होतो तोवर त्याचा चहा गार झाला. माझं संपल्यावर तो उठला आणि म्हणाला, ''आता भाभींशी बोलतो. तुमी जरा बाहेर बसा.''

ही त्याची पद्धतच आहे. घर बांधायचं तर घरातल्या प्रत्येक माणसाशी वेगवेगळं बोलायचं आणि एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही. मी माझ्याच घरात, माझ्याच बैठकीत, कालचा पेपर घेऊन बसलो. स्वयंपाकघरातून काही ऐकू येईना. पेपरातल्या निविदासुद्धा वाचून झाल्या तेव्हा तो बाहेर आला. बायको त्याला सोडायला दारापर्यंत गेली. मी कोर्टात निघतो तेव्हा ती आतूनच 'येताना कोथिंबीर आणा' असं सांगते, दारापर्यंत कधी येत नाही.

''काय सांगितलंस त्याला?'' मी विचारलं.

''काय न्हाई. असंच.''

''देवघर मोठं हवं म्हणालीस?''

''तसंच समजा.''

''की ओटा ग्रॅनाइटचा?''

''समजा की. तुमीच इचारता अन् तुमीच सांगता,'' असं म्हणून ती भांडी घासायला गेली.

मग मी त्याला गाठलं. उलटतपासणीतले माझे सगळे डाव वापरले. तो शांतपणे म्हणाला, ''वकीलसाहेब, तुमच्या अशिलाचं तुमी कुणाला सांगता का?'' तेव्हापासून मला दुसरं काही सुचेनासं झालं. घर कसं होणार याची फिकीर संपली आणि बायको त्याला काय म्हणाली एवढंच डोक्यात राहिलं. संसार माझ्याशी करायचा आणि मनातलं फळवाल्याच्या पोराला सांगायचं, हा कुठला न्याय?

पुढचा टप्पा प्लॉट बघायचा. इतर लोक टेप टाकतात आणि जातात. हा सकाळी आला, छत्री उघडून मोकळ्या जमिनीवर मांडी घालून बसला आणि ऊन कुठून कुठे सरकतं ते बघत दिवस घालवला. शेजारच्या बांधकामावरच्या माणसांना वाटलं की हा उपोषणाला बसलाय. वाऱ्यासाठी त्याला बांबूवर बांधायला हलकं कापड हवं होतं. मी गाडी पुसायचं फडकं पुढे केलं. तो म्हणाला, हे जड आहे. दुसऱ्या दिवशी प्लॉटच्या चारी कोपऱ्यांवर आमच्या बायकोची जुनी पिवळी साडी पट्ट्या होऊन फडफडत होती. ती साडी मी घेतली होती. त्याने मागितल्याबरोबर हिने ट्रंकेतून काढून दिली. आठवडाभर बायको माझ्यापेक्षा त्या वाऱ्याबद्दलच जास्त बोलत होती. 'क्रॉस व्हेंटिलेशन' हा शब्द तिने माझ्यावर पहिल्यांदा वापरला तो त्याच आठवड्यात, आणि तोही जेवताना.

कच्चे नकाशे तो पुष्कळ काढतो आणि तुम्ही लगेच 'छान' म्हणालात तर फाडून टाकतो. ''लगीच आवडलं म्हंजे नीट बघितलं न्हाई.'' मी 'छान' म्हटलेले त्याने असे बरेच फाडले. बायको मात्र कागदावर बोट ठेवून, ओठ हलवत, दारातून आत जायची, चूल गाठायची, मोरीशी जायची, परत यायची आणि म्हणायची, ''भाऊ, हितं अंधार पडंल.'' तो आनंदाने हरखून जायचा. शेवटी त्याने फळांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून घराचं छोटं मॉडेल आणलं. छप्पर उचललं की आतलं दिसायचं. त्यात मला स्वयंपाकघराबाहेर, पूर्वेला, एक लहानसा कट्टा दिसला. नकाशात प्रत्येक जागेला नाव होतं, याला नव्हतं. मी विचारलं, हे काय? म्हणाला, ''ते भाभींचं हाय.'' मी बायकोकडे पाहिलं. ती छप्पर परत बसवत होती.

त्यानंतर जे झालं त्याने मी गावात तोंड दाखवायच्या लायकीचा राहिलो नाही. हा माणूस पाया खणण्याआधी प्लॉटवर पांढऱ्या फक्कीने घराचा पूर्ण नकाशा आखतो, आणि घरच्या लोकांना त्या रेघांमध्ये एक दिवस राहायला लावतो. खरोखर राहायला. सतरंज्या, पाण्याची घागर, स्टोव्ह, सगळं घेऊन. तो स्वतः दाराच्या फटीपाशी चपला काढून, हवेतली बेल वाजवून आत आला. बायको म्हणाली, ''या भाऊ,'' आणि हवेतलं दार उघडलं. मला हसू आलं. मी सरळ तिच्याकडे निघालो तर तो म्हणाला, ''साहेब, भिंतीतून कुठं चाललात?'' मी मागे वळलो तर बाथरूममध्ये गेलो. तिथून बाहेर पडलो ते थेट बोअरमध्ये. कुंपणापाशी जमलेल्या लोकांत माझे दोन पक्षकार होते. बायको मात्र त्या रेघांत जन्मल्यासारखी वावरत होती. एकदाही तिने भिंत ओलांडली नाही. चहा केला, कपबशा मांडल्या आणि त्या बिननावाच्या चौकोनात जाऊन जमिनीवर टेकली. तिथे बसून ती हसत होती. मी बेडरूममध्ये उन्हात एकटा उभा होतो.

नगरपालिकेच्या परवानगीचा टप्पा आला तेव्हा मला वाटलं, आता आपली पाळी. कायदा, नियम, अर्ज, हे माझं रान. पण त्याने फाइल इतकी चोख केली होती की मला फक्त सही कुठे करायची ते दाखवण्यात आलं.

बांधकाम सुरू झालं. मिस्त्री कसबी होता, पण पूर्वेचा कट्टा त्याने नेहमीच्या उंचीचा बांधला, म्हणजे नकाशापेक्षा वीतभर उंच. आर्किटेक्ट आला, कट्ट्यावर हात फिरवला आणि म्हणाला, ''पाडा.'' मिस्त्री म्हणाला, ''येवढ्यानं काय होतंय?'' मीही म्हणालो, काय बिघडतंय? बायकोसुद्धा म्हणाली, ''भाऊ, ऱ्हाऊ द्या.'' तो कधी कुणाशी वाद घालत नाही. त्या दिवशीही घातला नाही. स्वतः छिन्नी घेऊन वरची वीट सुटी करू लागला. मी चिडून विचारलं, ''अहो पण का म्हणून?'' खाली मान घालूनच म्हणाला, ''भाभींचे पाय टेकायला पायजेत साहेब.''

मी घरी आलो. बायको आमच्या बैठकीतल्या खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती. तिचे पाय जमिनीपासून वर लोंबकळत होते. ती खुर्ची मी आमच्या लग्नाच्या पुढच्या वर्षी आणली होती. घरातल्या सगळ्या खुर्च्या माझ्या मापाच्या. ''काय बघताय?'' तिने विचारलं. मी म्हणालो, ''काही नाही.'' त्या माणसाचा मला इतका राग पूर्वी कधी आला नव्हता. माझ्या बायकोचे पाय कुठवर पोचतात हे याला कुणी सांगितलं? आणि कुणी सांगितलं नसेल, तर याने ते बघितलं कधी, आणि मी तेव्हा कुठे बघत होतो?

घर झालं. सिंह नाहीत, घुमट नाही, पण एप्रिलमध्ये पंखा न लावता दुपारी झोप लागते, हे मला कबूल करावं लागतं. वास्तुशांतीला तो वडिलांच्या दुकानातली फळांची टोपली घेऊन आला, जेवला आणि सगळ्या खोल्यांतून एकदा हळूहळू फिरला. मी त्याला फाटकापाशी गाठलं. म्हणालो, आता घर झालं, खटला संपला, आता तरी सांगा. तो ओशाळून हसला. ''भाभींना इचारा की साहेब. घरातच हायत.'' आणि स्कूटरला किक मारली. सध्या तो सिरसाळ्याला कुणाचं तरी घर करतोय असं ऐकतो. म्हणजे तिथल्या कुणा नवऱ्याला बाहेर बसवून ठेवलं असेल. आमच्याकडे यायचं आता त्याला कारण उरलेलं नाही. स्कूटरचा आवाज आला की बायको फाटकाकडे बघते, आणि खरं सांगायचं तर मीही बघतो.

वास्तुशांतीच्या दिवशी तो गेल्यावर मी बायकोला विचारलं. ती कट्ट्यावर बसली होती. काहीही न सुचवता, एकच प्रश्न विचारला, ''काय सांगितलं होतंस त्याला?''

ती म्हणाली, ''त्यांनी इचारलं, भाभी, तुमाला काय पायजे? मी म्हणलं, मला काय पायजे, ह्यांनाच इचारा. मग ते गप बसले. मी जवारी निवडत होते. निवडून झाली, तरी ते बसलेलेच. मला वाटलं, आता जातील. न्हाई गेले. मग मी म्हणलं, भाऊ, ह्या घरात मी कायम उभीच हाय.''

एवढंच होतं. यापेक्षा लांब वाक्यं मी जामिनाच्या अर्जात रोज लिहितो. हेच वाक्य माझ्याच घरात इतकी वर्षं होतं, आणि ते ऐकायला काहीच करायचं नव्हतं, ज्वारी निवडून होईपर्यंत फक्त गप्प राहायचं होतं. मला त्याचा हेवा वाटतो तो याच गोष्टीचा. घरं काय, कुणीही बांधतं.

हल्ली संध्याकाळी मी तिच्याशेजारी कट्ट्यावर जाऊन बसतो. समोर लांबवर धारूरकडचे, तिच्या माहेरचे डोंगर दिसतात. ती ताट घेऊन निवडत असते आणि मी गप्प राहायचा सराव करतो. वकिलाला ते जड जातं, पण मी बसतो. परवा तिने हातातलं ताट बाजूला ठेवलं, डोंगराकडे पाहिलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. माझ्याच्याने राहवलं नाही. मी विचारलं, ''काय?''

''काय न्हाई,'' ती म्हणाली आणि ताट परत मांडीवर घेतलं.

तो असता तर थांबला असता.